दिलाशाचा घास

गुलमंडीच्या चौकात सायंकाळी पाच मिनिटे उभे राहिले तरी पोट भरलेल्या माणसाला पुन्हा भूक लागते. पैठण गेटकडून येणारा लोकांचा लोंढा, सुपारी हनुमानाच्या देवळातील घंटा, कापडाच्या दुकानांपुढे चाललेली घासाघीस आणि ह्या सर्वांवर पसरलेला मिठाईच्या कढईचा वास! उडदाच्या पिठाची ती नारिंगी, पाकाने ओथंबलेली इमरती म्हणजे आमच्या भागाची खूणच होऊन बसली आहे. फारसीत 'गुल' म्हणजे फूल. तेव्हा हा फुलांचा बाजार, असे जाणते लोक सांगतात. आमच्या सासूबाई मात्र अखेरपर्यंत 'गुळमंडी'च म्हणत आल्या, आणि त्या इमरतीकडे पाहिले म्हणजे त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे वाटत नसे.

माझा थोरला मुलगा दहावीच्या परीक्षेत चांगल्या रीतीने उतरला तेव्हा घरात दोन किलो इमरती आली होती. आमच्या घरात त्या वेळी लहानमोठी सतरा माणसे होती, हे लक्षात घेतले म्हणजे वाचकांना हे प्रमाण अधिक वाटणार नाही. पुढे आठवड्याभरातच तो तापाने पडला. त्याच्या उशाशी त्याच्या आत्याने मोठ्या मायेने पुन्हा इमरतीचा पुडा आणून ठेवला, तर त्याने तोंड फिरवले आणि भिंतीकडे पाहात म्हणाला, "आजीला सांग ना, मऊ भात कर म्हणावे." आनंद झाला म्हणजे माणूस बाजाराकडे धावतो आणि जीव खालीवर झाला म्हणजे स्वयंपाकघराकडे, ही गोष्ट त्या दिवशी मला प्रथमच स्पष्ट दिसली.

अशा अन्नाला इंग्रजीत 'कम्फर्ट फूड' असे नाव आहे. हा शब्दप्रयोग अमेरिकेतील एका वृत्तपत्रात १९६६ साली आढळतो, म्हणजे नाव काही फार जुने नव्हे. मराठीत ह्या कल्पनेला एकच असा शब्द नाही. आपण म्हणतो, 'तोंडाला चव येईल असे काही दे', किंवा 'जिवाला बरे वाटेल असे काही कर'. ह्या दोन्ही वाक्यांत पदार्थाचे नाव नाही, हे चमत्कारिक आहे. ज्याला सांगितले त्याला ते नाव ठाऊक असणारच, असे आपण गृहीत धरून चालतो. माझा हा लेख त्या गृहीतासंबंधीच आहे. पण त्याकडे मी थोड्या वळणानेच येणार आहे.

प्रथम मऊ भाताविषयी. वैद्यकशास्त्र ज्यांनी थोडेफार चाळले असेल त्यांना ठाऊक असेल की, चरकसंहितेत शोधनोपचारानंतर अग्नी मंद झालेल्या माणसाला एकदम पूर्ण जेवण न देता प्रथम पेया, मग विलेपी, मग यूष अशा क्रमाने चढवीत नेण्यास सांगितले आहे. पेया म्हणजे पातळ पेज. विलेपी म्हणजे शिते पुरती फुटून दाट झालेला, चमच्याला लागून राहणारा भात. आमच्याकडचा गुरगुट्या भात म्हणजे ही विलेपीच होय. त्यावर साजूक तुपाची धार, चिमूटभर मीठ आणि मेतकूट. मेतकुटाची कृती घरोघरी थोडी निराळी. परंतु हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ आणि थोडे गहू निरनिराळे मंद विस्तवावर भाजून, त्यांत मेथी, मोहरी, जिरे, धणे, सुंठ, हळद आणि हिंग घालून दळलेले ते पिवळसर पीठ होय, ह्याविषयी दुमत नसावे. सासूबाई भाजणीच्या वेळी कोणालाही कढईपाशी येऊ देत नसत. "बोलताना डाळ करपते," असे त्यांचे म्हणणे. मी पुष्कळ वर्षे ती एक समजूत समजले. पुढे स्वतः करू लागले तेव्हा कळले की बोलण्याच्या नादात डाळ खरोखरच करपते.

ह्या मेतकुटाचा एक डबा आमच्या घरात एका निराळ्याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. १९४८ साली, निजामाच्या राज्यात रझाकारांची दहशत वाढली तेव्हा, मराठवाड्यातील अनेक कुटुंबे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे नगर, नाशिक, खानदेश, सोलापूर ह्या बाजूला गेली. आमच्या घरची माणसेही रेल्वेने मनमाडला उतरली आणि तेथून नाशिकला एका लांबच्या नातलगांकडे जाऊन राहिली. दागिने गाठोड्यात बांधले, दस्तऐवज मामंजींनी अंगरख्यात शिवून घेतले, आणि सासूबाईंनी काय घेतले, तर मेतकुटाचा पितळी डबा! मामंजी त्यावर रागावले होते म्हणे. परंतु परक्या घरी, एकाच खोलीत नऊ माणसे राहात असताना, मुले रात्री घाबरून उठत तेव्हा त्या डब्यातले अर्धा चमचा मेतकूट भातावर पडले की ती निमूटपणे जेवून झोपत. डबा पुरवून पुरवून वापरीत होते. १३ सप्टेंबरला हिंदी सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्या बातमीच्या दिवशी डब्यात तळाला चार चमचे मेतकूट उरले होते, असे सासूबाई सांगत. ते त्यांनी त्या दिवशी सर्वांना वाढून संपवले. डबा अद्याप आमच्या फळीवर आहे.

ह्यावरून कोणी असे म्हणेल की, संकटात जे खाल्ले ते पुढे जिवाला प्रिय होते. मला तसे वाटत नाही. १९७२ सालच्या दुष्काळात मराठवाड्याने परदेशांतून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली, आणि तिच्यावर असंख्य मुले जगली. मी १९७४ साली ह्या घरात आले तेव्हा त्या मिलोच्या भाकरीच्या गोष्टी ताज्या होत्या. परंतु मला आजवर असा एकही मनुष्य भेटला नाही, की ज्याने आजारपणात 'मिलोची भाकरी करून दे' असे म्हटले. तिने जीव वाचवला ह्याबद्दल कृतज्ञता आहे, ओढ नाही. मेतकुटाच्या डब्याच्या मागे एक ओळखीचा हात होता. शिधापत्रिकेवर मिळालेल्या धान्यामागे कोणाचाच नव्हता. एवढाच काय तो फरक.

पाश्चात्य पंडितांनी अलीकडे ह्या विषयाचा बराच कीस पाडला आहे. अमेरिकेतील बफलो येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात असे दाखवले की, ज्यांना कोंबडीचे सूप हे लहानपणापासूनचे मायेचे अन्न वाटते त्यांना ते प्यायल्यावर नात्यागोत्यासंबंधीचे शब्द अधिक सहज सुचतात. आणि ज्यांचे आपल्या माणसांशी संबंध आश्वस्त असतात, त्यांना अशा पदार्थाचे नुसते स्मरणही एकाकीपणात आधार देते. उलट पक्षी, २०१४ साली मिनेसोटा विद्यापीठातील विद्वानांनी माणसांना उदास करणारे चित्रपट दाखवून, मग काहींना त्यांचा आवडता दिलाशाचा पदार्थ, काहींना दुसरेच काही, तर काहींना काहीच दिले नाही. आणि थोड्या वेळाने सर्वांची मने सारख्याच प्रमाणात पूर्ववत झालेली आढळली! ह्या दोन निष्कर्षांत विरोध आहे असे वरवर पाहता वाटेल. मला तो वाटत नाही. प्रयोगशाळेत पदार्थ आणून ठेवणारा माणूस परका होता. आमच्या मुलाला मऊ भात हवा होता हे खरे. पण तो आजीच्या हातचा हवा होता, आणि ती त्याच्याजवळ बसलेली हवी होती. उशाशी इमरती ठेवणाऱ्या आत्यावरही त्याचे प्रेम होते, एवढे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

दुसरे एक संशोधन मला ह्याहून महत्त्वाचे वाटते. फिलाडेल्फिया येथील मोनेल केंद्रात काही गर्भवती व बाळंतिणींना नियमाने गाजराचा रस देण्यात आला. त्यांच्या मुलांना पुढे उष्टावणाच्या वयात गाजराची चव असलेली पेज दिली, तेव्हा इतर मुलांच्या मानाने त्यांनी ती कमी तोंड वाकडे करून खाल्ली. हा निबंध २००१ सालचा आहे. म्हणजे आई जे खाते त्याची चव मुलाला जन्मापूर्वी व दुधावाटे कळते. आपल्याकडे डोहाळे पुरवण्याची एवढी रीत. पण त्या डोहाळ्यांतून पुढच्या पिढीची जीभ तयार होत असते, असा विचार आपण क्वचितच केला असेल. आपण ज्याला मोठ्या अभिमानाने 'आमच्या घराण्याची चव' म्हणतो, ती खरे पाहता पिढ्यान्‌पिढ्या बाहेरून आलेल्या मुलींनी आणलेली असते. घराण्याच्या नावावर ती मागाहून चढते.

आणि येथेच मला जे सांगावयाचे आहे त्याला प्रारंभ होतो. एकत्र कुटुंबात प्रत्येक पुरुषाच्या व मुलाच्या आवडीची नोंद घरातल्या बायकांच्या मनात पक्की असते. मामंजींना कोर्टातून दमून आल्यावर फोडणीची पोळी लागे. थोरल्या भावजींना कितीही मोठे जेवण झाले तरी शेवटी दहीभात नसला तर जेवल्यासारखे वाटत नसे. धाकट्या भावजींना पावसाळ्यात चकोल्या. माझ्या यजमानांचे एक शाळासोबती सिटी चौकापलीकडे राहणारे. ते नोकरीसाठी जेद्द्याला गेले. तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, तिच्या सैन्याबरोबर इकडे आला असे परंपरेने सांगतात, तो नान-खलिया तेथे मिळत नाही, म्हणून ते पत्रातून हळहळत. आमच्या शाकाहारी घरात ते पत्र मोठ्याने वाचले जाई आणि सासूबाईसुद्धा म्हणत, "बिचाऱ्याला तिकडे कोण करून घालणार!" इतक्या दूरच्या माणसाची जीभ त्यांना कळे. परंतु त्याच चुलीपुढे बसलेल्या सुनांची कळत नसे. आणि हा दोष त्यांचा एकटीचा मुळीच नव्हता.

मी गुहागरची. आमच्याकडे दमूनभागून आल्यावर, किंवा मन उदास झाल्यावर, कुळथाची पिठी आणि भात. लग्नात मला कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' भेट आली होती. १९७० साली निघालेले ते पुस्तक त्या वेळी बहुतेक नव्या सुनांच्या ट्रंकेत असे. तिच्यात भेळेपासून श्रीखंडापर्यंत सर्व काही सापडे; ह्या घरात मला रडू आले तर काय करावे एवढे मात्र सापडत नसे. पहिल्या पावसाळ्यात मी भीतभीत कुळथाविषयी विचारले. "कुळीथ? म्हणजे हुलगे की! ते घोड्याला घालतात," असे म्हणून सगळ्या हसल्या. त्यात दुष्टावा नव्हता. पण मी पुन्हा विषय काढला नाही. पुढे हिवाळ्यात घरी शेंगोळे झाले. हुलग्याच्या पिठाची ती वळलेली कडी लसणीच्या तिखट रसात शिजवतात, हे मराठवाड्यातील वाचकांना सांगावयास नको. मी त्यांतला नुसता रस भातावर घेतला, आणि पहिल्याच घासाला आमच्या पडवीतले वासे दिसले. चेहरा लपवण्यासाठी मी पाण्याचा तांब्या आणावयास उठले. त्या दिवसापासून शेंगोळे उरले की रस मी माझ्यासाठी काढून ठेवू लागले, चोरासारखा.

माझे असे निभावले. थोरल्या जाऊबाईंचे तेही नव्हते. त्या हैदराबादच्या, काचीगुड्यातील एका मराठी कुटुंबातल्या. १९६८ साली ह्या घरात आल्या. हसतमुख, कामाला वाघ, आणि स्वतःविषयी कधी एक शब्द न बोलणाऱ्या. १९९४ साली त्यांना विषमज्वर झाला. ताप उतरला, पण अन्न जाईना. सासूबाईंचे वय तेव्हा पंच्याहत्तरीला टेकलेले. तरी त्या रोज सकाळी स्वतः मऊ भात करून, तूप-मेतकूट घालून सुनेला भरवावयास बसत. जाऊबाई दोन घास घेत, डोळ्यांत पाणी येई, आणि ताट परत जाई. डॉक्टर म्हणाले, तिखट वर्ज्य करून त्यांना आवडेल ते मऊ काहीही द्या. आवडेल ते! आम्ही एकमेकींकडे पाहू लागलो. खिचडी केली, साबुदाण्याची पेज केली, सांज्याची खीर केली. अकरा दिवस असे गेले. त्यांची मनगटे इतकी बारीक झाली की बांगड्या कोपरापर्यंत चढत.

बाराव्या दिवशी हैदराबादहून त्यांची धाकटी बहीण आली. जिना चढून, पाय धुऊन, ती बहिणीजवळ बसली आणि तिने विचारले, "अक्काला चारू दिला का?"

चारू म्हणजे आपल्या साराच्या जातीचा एक पातळ पदार्थ. चिंचेचे कोमट पाणी, त्यात थोडे मिरे व जिरे कुटून, कोथिंबीर आणि कढीलिंबाची फोडणी. तेलंगणात तो घरोघरी होतो. काचीगुड्याच्या त्या घरात आजारी माणसाला चारू आणि भात कालवून देत. जाऊबाई आमच्याकडे सव्वीस वर्षे होत्या. त्या अवधीत त्यांनी आमच्या चुलीवर किती हजार वेळा स्वयंपाक केला असेल ह्याचा हिशेब नाही, आणि त्यात एकदाही चारू झाला नव्हता.

"तापातून उठलेल्या माणसाला चिंच?" असे घरातील एक-दोघी म्हणाल्याच. सासूबाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्या उठल्या, पदर खोचला आणि त्या मुलीला म्हणाल्या, "चल. तू सांगत जा, मी करते." मिरे अगदी कमी घालून तो चारू झाला. जाऊबाईंनी अर्धी वाटी भात त्याच्याबरोबर खाल्ला आणि दुपारी शांत झोपल्या. चारूने विषमज्वर बरा होतो असे मला मुळीच म्हणावयाचे नाही; ताप औषधांनीच गेला होता. पण अन्न त्या दिवसापासून जाऊ लागले, एवढे आम्ही सर्वांनी पाहिले.

त्या रात्री माजघरात सासूबाईंनी विचारले, "इतकी वर्षे बोलली का नाही ग ही?" मी म्हटले, "आई, विचारले कोणी?" हे बोलून गेल्यावर मला भय वाटले, असे उत्तर मी त्यांना पूर्वी दिले नव्हते. त्या पुष्कळ वेळ गप्प राहिल्या. मग मीच धीर करून विचारले, "आणि तुम्हाला? तुम्हाला बरे नसले म्हणजे काय खावेसे वाटते?" त्या हसल्या. "माझे काय? मला सगळेच आवडते."

मी आणखी दोन-तीनदा विचारले असेल. दर वेळी तेच उत्तर. त्यांचे माहेर पैठणचे, आई लहानपणीच गेलेली. तेराव्या वर्षी त्या ह्या घरात आल्या. कदाचित त्यांना खरोखरच आठवत नसेल. किंवा ज्या पदार्थाची आठवण काढावी तो करून घालणारे कोणी त्यांना फार दिवस लाभलेच नसेल. २००३ साली त्या गेल्या. घरात चूल पेटवावयाची नव्हती. शेजाऱ्यांनी रीतीप्रमाणे पिठले-भात आणला. कडू घास म्हणतात त्याला, आणि तो सक्तीने घ्यावा लागतो. गल्लीतल्या कोणा घरच्या त्या ऊन पिठल्याने आम्हाला किती सावरले, हे मी कधी विसरणार नाही. सर्वजण जेवत असता जाऊबाई एकाएकी थांबल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "आईंना पिठले आवडायचे का ग?" पंगतीत वीस माणसे होती. कोणालाही सांगता आले नाही.

आता आमचे घर पूर्वीइतके मोठे राहिलेले नाही. वाड्याचा पुढचा भाग पाडून दुकाने झाली. शहराचे नावही २०२३ साली बदलून छत्रपती संभाजीनगर झाले. मुले पुण्याला, बंगलोरला, दोन समुद्रापलीकडे. मेतकूट त्यांच्या सामानात अद्याप जाते. मध्यंतरी नातवाचे लग्न झाले आणि नातसून काही महिने आमच्याजवळ राहावयास आली. मुलगी नागपूरची, संगणकावर घरूनच काम करणारी. ती आली त्याच आठवड्यात मी तिला बसवून घेतले आणि विचारले की, तुला बरे नसले, मन उदास असले, म्हणजे काय खावेसे वाटते ते आत्ताच सांगून ठेव. ती लाजली. "आजी, सगळेच आवडते मला," ती म्हणाली.

हे उत्तर माझ्या चांगले परिचयाचे होते. मी हटून बसले. तेव्हा तिने खाली मान घालून सांगितले, "मॅगी."

जाऊबाई आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, त्यांना कमी ऐकू येते. त्यांनी तीनदा विचारले आणि मग खोखो हसल्या. मला प्रथम थोडे वाईट वाटले हे कबूल केले पाहिजे. पेज, पिठी, चारू ह्यांच्या पंक्तीला पुडक्यातल्या शेवया! पण श्रावणात तिला सडकून ताप आला तेव्हा मी नातवाला खाली पिटाळले आणि पुडके आणवले. पुडक्यावर लिहिल्याप्रमाणे सर्व मोजून केले. तिने दोन चमचे खाल्ले, छान झाली म्हणाली, आणि थांबली.

"तुझी आई कशी करते?" मी विचारले.

"आई त्यात पाणी जास्त घालते," ती म्हणाली, "आणि शेवया आधी हाताने अगदी बारीक मोडून घेते. चमच्याने पिता येईल अशी."

दुसरे पुडके फोडून मी परातीत ओतले, आणि जाऊबाई व मी समोरासमोर बसून ते मोडू लागलो.